आरमाराचीं माणसें

लढाईच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. त्यांत तलवारी असतात, घोडे असतात, गड चढून जाणारे मावळे असतात. पण गलबताच्या फळ्या कोणीं जोडल्या, तोफेंत दारू किती घालावी हें कोणीं ठरविलें, काळोख्या रात्रीं खडकांमधून सुकाणू कोणीं संभाळलें, या प्रश्नांकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. बखरकारांचेंही फारसें गेलें नाहीं. आज मी त्या माणसांविषयीं बोलणार आहें. लहान राज्याच्या लहानशा सैन्याला असे कसबी लोक मिळतात कोठून, आणि मिळाल्यावर ते राहतात कां व जातात कां, एवढाच आजचा विषय आहे. आणि त्यासाठीं मराठ्यांच्या आरमाराइतकें चांगलें उदाहरण मला तरी दुसरें दिसत नाहीं.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. शेतावरच्या धट्ट्याकट्ट्या तरुणाच्या हातीं भाला दिला तर सहा महिन्यांत त्याचा शिपाई होतो. जहाजाचा सुतार असा सहा महिन्यांत होत नाहीं. सागाचें झाड उभें असतांनाच त्याच्या वांकणावरून कोणतें लांकूड जहाजाच्या बरगड्यांना चालेल व कोणतें डोलकाठीला चालेल, हें त्याला ओळखतां यावें लागतें. आणि ही ओळख पुस्तकांतून येत नाहीं, बापाच्या किंवा उस्तादाच्या शेजारीं दहा-पंधरा वर्षें वांकस चालवून येते. गोलंदाजाचेंही तसेंच. बुरुजावरून मारा करणाराच्या पायांखालची जमीन तरी स्थिर असते. समुद्रावर आपलें गलबत डोलतें, शत्रूचेंही डोलतें, आणि दोन्हीं पुढें सरकत असतात. लाटेनें गलबत कोणत्या क्षणीं उचललें जाईल हें गोलंदाजाच्या पायांना कळलें पाहिजे आणि त्याच बेतानें बत्ती लागली पाहिजे. किंचित् उशीर झाला कीं गोळा पाण्यांत, किंचित् घाई झाली कीं आकाशांत. तिसरा तांडेल. कोणत्या खाडीच्या तोंडाशीं वाळूचा दांडा आहे, भरतीला त्यावर किती हात पाणी चढतें, दुपारचा वारा कोणत्या बाजूनें सुटतो, हें सारें त्याच्या डोक्यांत असतें.

मोठ्या बादशाहीच्या फौजेंतून दहा गोलंदाज निघून गेले तर हजेरीपटावरचीं दहा नांवें खोडलीं जातात, एवढेंच. वीस गलबतांच्या आरमारांतून दोन गेले तर दोन गलबतें बंदरांत बसून राहतात. लहान सैन्याची खरी अडचण ही आहे. त्याला संख्येनें थोडींच माणसें लागतात, पण त्यांतलें प्रत्येक माणूस त्याला अडवूं शकतें.

१६५७ सालच्या ऑक्टोबरांत कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या हातीं आली आणि राज्याला समुद्र लागला. समोर जंजिऱ्याचा शिद्दी होता. उत्तरेस वसई व मुंबई येथें पोर्तुगीज होते, कारण मुंबई त्या वेळीं त्यांचीच होती. आणि दक्षिणेस गोव्यांत पुन्हा तेच. घाटमाथ्यावर वाढलेल्या राज्याच्या पदरीं या पाण्यावर लढेल असें जहाज बांधणारा कोणी नव्हता. तेव्हां महाराजांनीं जेथें ती विद्या होती तेथूनच ती आणविली. १६५९ सालीं कल्याण-भिवंडीकडे वीस लढाऊ गलबतें बांधण्याचें काम सुरू झालें. त्यावर देखरेख करणारा रुय लैतांव व्हियेगस नांवाचा एक पोर्तुगीज होता, आणि त्याच्याबरोबर पोर्तुगीज व मिश्र रक्ताचे मिळून तीनशेंहून अधिक लोक होते. हीं गलबतें शिद्दीविरुद्ध आहेत असें पोर्तुगीजांस सांगण्यांत आलें होतें. पण आज शिद्दीविरुद्ध असलेलें गलबत उद्यां आपल्याविरुद्ध येईल हें न समजण्याइतके पोर्तुगीज भोळे नव्हते. वसईकडच्या त्यांच्या अधिकाऱ्यांनीं व्हियेगसचें मन वळविलें, आणि तो आपल्या माणसांसह काम टाकून पोर्तुगीज हद्दींत निघून गेला. पोर्तुगीज आणि मराठे यांच्या संबंधांचे कागद उजेडांत आणण्याचें मोठें श्रेय गोव्याच्या पिसुर्लेंकरांस आहे; अशा कागदांमुळेंच या व्हियेगसची हकीकत आज आपल्याला सांगतां येते.

कित्येक लोक व्हियेगसला विश्वासघातकी ठरवून मोकळे होतात. मला तसें वाटत नाहीं. त्याचा राजा, त्याचा धर्म, त्याचें देऊळ, त्याची भाषा बोलणारे शेजारी, सारें खाडीच्या पलीकडे होतें. कल्याणास त्याला मिळत होता तो मजुरीचा पैसा. पैशानें आणलेल्या माणसाला त्याच्या घराकडून एक निरोप आला कीं पैसा हलका पडतो, मग तो पैसा देणारा कितीही उदार असो. यांत त्या कारागिराचा दोष पाहण्यापेक्षां मी एक हिशेब पाहतों. परका कसबी मनुष्य आणला तर तो किती दिवस राहील हें आपल्या हातांत नसतें. तो असेपर्यंत त्याच्या शेजारीं आपला कोण उभा आहे, एवढेंच आपल्या हातांत असतें.

या दृष्टीनें पुढची हकीकत पाहावी. व्हियेगस गेल्यानंतर सहा वर्षांच्या आंत, म्हणजे १६६५ च्या फेब्रुवारींत, महाराज स्वतः समुद्रमार्गानें कर्नाटकांतील बसरूर बंदरावर चालून गेले. त्या वेळच्या इंग्रज वखारवाल्यांनीं आपल्या पत्रांत त्या काफिल्याची मोजदाद दिली आहे: तीन मोठीं जहाजें आणि पंचाऐंशीं लहान गलबतें. वीस गलबतांचें काम अर्धवट टाकून मुख्य कारागीर पळून गेला असतां सहा वर्षांत हें कसें घडलें? खाडीकांठच्या सुतारांनीं आणि लोहारांनीं त्या परक्यांच्या हाताखालीं काम करतांना डोळे मिटून घेतले नव्हते, हाच त्याचा अर्थ. शिवाय कोंकणचा सुतार कांहीं कोरी पाटी नव्हता. मचवे, शिबाडें, पडाव तो पिढ्यान्‌पिढ्या बांधीत होताच. त्याला उणें होतें तें तोफेचा भार व हिसका सोसणाऱ्या बांधणीचें ज्ञान.

जहाजें चालविणाऱ्यांचा प्रश्न तर घरच्याच माणसांनीं सोडविला. कोळी, भंडारी, गाबीत, दालदी अशा किनाऱ्यावरच्या जातीजमातींतून हे लोक आले. त्यांचे सरदार पाहा: दर्यासारंग, दौलतखान, मायनाक भंडारी. धर्म कोणता, कूळ कोणतें, हें विचारीत बसण्याची चैन ज्या आरमाराला परवडत नाहीं त्याचे हे सरदार आहेत. सिंहासनाभोंवतालच्या मंडळींत यांचीं नांवें आपल्याला क्वचित् आढळतात, पण १६७९ सालीं मुंबईच्या तोंडावरच्या खांदेरी बेटावर तट बांधण्यास उतरला तो मायनाक भंडारीच. इंग्रजांनीं तें काम बंद पाडण्यासाठीं जहाजें पाठविलीं. इंग्रजांचीं जहाजें मोठीं, तोफा भारी. पण खडकाळ उथळ पाण्यांत त्यांना हालचाल करतां येईना, आणि मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीं वल्हीं मारीत त्यांच्यामधून सामान घेऊन बेटावर पोहोंचत. १८ ऑक्टोबरच्या लढाईंत दौलतखानाच्या काफिल्यानें इंग्रजांचें डव्ह नांवाचें गलबत पकडलें. रिव्हेंज हें मोठें जहाज मात्र कप्तान केग्विन याच्या हिकमतीमुळें टिकून राहिलें. शेवटीं खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. तिच्या शेजारची उंदेरी मात्र शिद्दीनें १६८० च्या आरंभीं गिळली. या केग्विनचें नांव ध्यानांत ठेवावें. त्याच्याकडे पुन्हा यावयाचें आहे.

आतां पैशाची गोष्ट. देशभक्ति, स्वामिनिष्ठा हे मोठे गुण आहेत; पण चुलीवर तांदूळच ठेवावे लागतात. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं सिद्ध केलेल्या आज्ञापत्रांत आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत आरमाराची थोरवी सांगितली आहे ती प्रसिद्धच आहे. पण मला त्याहून मोलाचें वाटतें तें त्यांतलें वेतनाविषयींचें कलम. आरमाराचा खर्च मुलखाच्या नेमलेल्या उत्पन्नांतून द्यावा, समुद्रावर जें हातीं लागेल किंवा बंदरांत जें वसूल होईल त्यावर सोंपवूं नये, असा त्याचा आशय आहे. कारण अमात्यांनीं व्यापाराचें दिलें आहे: खलाशांचें पोट जर बंदराच्या वसुलीवर टांगलें तर ते व्यापाऱ्यांस नागवतील, व्यापारी बंदर सोडतील, आणि मग बंदरही नाहीं व वसूलही नाहीं. या कलमाला दुसरी बाजूही आहे असें मला वाटतें. ज्याला महिन्याचा पगार महिन्याला मिळतो तो गोलंदाज तोफ पुसून ठेवतो, दारू कोरडी ठेवतो, शिकाऊ पोराला शिकवितो. ज्याला पगार लुटींतून काढून घ्यावयाचा असतो तो लूट पाहतो. त्याच्याजवळ शिकविण्यास वेळ कोठून असणार?

मी जन्मभर शाळेंत काढला, म्हणून एक लहान दाखला देतों. आमच्या एका शाळेंत सुतारकामाचा वर्ग होता व तो घेणारे शिक्षक हाडाचे कारागीर होते. त्यांचा पगार चार-चार महिने तुंबे. वर्षभर वाट पाहून ते एका कारखान्यांत गेले. जास्त पगार मिळाला म्हणून गेले असें चालकांनीं सांगितलें. वस्तुतः तेथें पगार जवळजवळ तेवढाच होता, पण तो पहिल्या तारखेस मिळत होता. ते गेल्यावर वर्ग बंद पडला. रंधे आणि करवती बरींच वर्षें कपाटांत गंजत होत्या.

समुद्रावर तर आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे आपला पावसाळा. आगोट लागली कीं गलबतें किनाऱ्यावर ओढून शाकारावीं लागतात तीं नारळीपौर्णिमेपर्यंत. या काळांत खलाशी करील काय? कांहीं भातलावणीस घरीं जातात, कांहीं दुसऱ्याची चाकरी धरतात, आणि नारळीपौर्णिमेला सारेच परत येतील असा नेम नसतो. म्हणून आज्ञापत्रांत पावसाळ्यांतील छावणीचाही विचार आहे: पावसाच्या आधीं काफिला सुरक्षित बंदरांत आणावा, बंदर किल्ल्याच्या आश्रयाचें असावें, आणि त्या मुलखाच्या रयतेस उपद्रव होऊं नये. जहाजासाठीं लागणाऱ्या लांकडाविषयींही तसाच विवेक आहे. आंबा, फणस हीं झाडें रयतेनें मुलांसारखीं वाढविलेलीं असतात, तीं बळानें तोडूं नयेत; जीर्ण झालेलें झाड हवेंच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावें. वरवर पाहतां हा झाडांविषयींचा नियम आहे. पण ज्या गांवांतून खलाशी यावयाचे त्याच गांवांतलीं हीं झाडें आहेत. ज्याच्या परसांतला आंबा सरकारी माणसांनीं तोडला त्याचा मुलगा आरमारांत कशाला येईल?

समुद्राच्या दुसऱ्या बाजूसही हाच प्रश्न होता. मुंबईंतील इंग्रजांचें सैन्य म्हणजे कांहीं शें माणसें. खांदेरीच्या पाण्यांत ज्यानें त्यांची अब्रू राखली त्या केग्विनलाच पुढें मुंबईच्या शिबंदीचें प्रमुखपण मिळालें. परंतु इंग्रजांची कंपनी ही प्रथम दुकान होती, मग सरकार. विलायतेच्या संचालकांनीं आणि सुरतेच्या त्यांच्या प्रमुखानें खर्च छाटण्याचें मनावर घेतलें. शिबंदीचे पगार व भत्ते कमी केले, केग्विनचेही केले. कागदावर कांहीं हजार रुपये वांचले असतील. २७ डिसेंबर १६८३ रोजीं केग्विननें शिबंदी हाताशीं धरून कंपनीच्या उपगव्हर्नरास अटक केली आणि मुंबई राजा दुसरा चार्लस याच्या नांवें आपल्या ताब्यांत घेतली. जवळजवळ वर्षभर मुंबई कंपनीच्या हातांत नव्हती. या अवधींत केग्विननें संभाजी महाराजांशीं तहही केला. शेवटीं राजाकडून क्षमेचें वचन मिळाल्यावर १६८४ च्या नोव्हेंबरांत त्यानें सर थॉमस ग्रँथम याच्या स्वाधीन बेट केलें. पदरचा कुशल मनुष्य नाराज झाला तर तो फार तर निघून जाईल, अशी संचालकांची समजूत असावी. तो बेटच घेऊन बसेल हें त्यांच्या हिशेबांत नव्हतें.

आंग्र्यांच्या काळीं हे कसबी लोक या बाजूचे त्या बाजूस व त्या बाजूचे या बाजूस असे सारखे फिरतांना दिसतात. कान्होजी आंग्र्यांनीं कुलाबा व विजयदुर्ग येथून पश्चिम समुद्रावर जो दरारा बसविला तो त्यांच्या गुराबांचा व गलबतांचा होता. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचें, उथळ तळाचें, नाळेकडून तोफा डागणारें जहाज. गलबत त्याहून लहान, शिडाबरोबर वल्ह्यांनीं चालणारें. वारा पडला कीं विलायती जहाज लांकडाच्या ओंडक्यासारखें जागींच राही आणि आंग्र्यांचीं गलबतें वल्ह्यांनीं गुराबांस ओढून त्याच्या पिछाडीस आणीत. ही सारी युक्ति घरची. तोफेच्या बाबतींत मात्र आंग्रे परक्या हातांवर बरेच विसंबून होते. त्यांच्या चाकरींत युरोपीय गोलंदाज असत. कंपनीच्या जहाजांवर काम केलेल्या डौनिंग या इंग्रजानें १७३७ सालीं छापलेल्या पुस्तकांत माडागास्करकडचा प्लँटेन नांवाचा एक चांचा शेवटीं आंग्र्यांच्या चाकरीस राहिल्याचें लिहिलें आहे. उलट १७१८ सालीं मुंबईचा गव्हर्नर बून यानें खांदेरीवर चाल केली तेव्हां त्याच्या बाजूस मान्युएल द कास्त्रो नांवाचा एक पोर्तुगीज होता. हा पूर्वीं आंग्र्यांच्याच पदरीं होता! मोहीम फसल्यावर इंग्रजांनीं त्याच्यावर फितुरीचा आरोप ठेवला. ज्याला आपण दुसऱ्याकडून फोडून आणतों त्याच्यावर विश्वास ठेवतांना अशी पंचाईत होते. सुतार घडविण्यांत मराठ्यांनीं जी चिकाटी दाखविली ती तोफा ओतण्याच्या व चालविण्याच्या विद्येंत दाखविली नाहीं, असें खेदानें म्हणावें लागतें.

याच काळांत मुंबईस एक घटना घडली, आणि माझ्या मतें ती आंग्र्यांच्या कित्येक लढायांहून महत्त्वाची होती. १७३५ च्या सुमारास कंपनीला एक जहाज सुरतेस बांधून घ्यावयाचें होतें. त्या कामावर देखरेखीसाठीं गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेंत एक पारशी सुतार भरला. त्याचें नांव लवजी नसरवानजी. १७३६ मध्यें त्याला मुंबईस बोलावून आणलें. तो एकटा आला नाहीं; कांहीं सुतार बरोबर घेऊन आला, आणि मुंबईस घर करून राहिला. वाडिया या आडनांवाचा अर्थच जहाज बांधणारा. १७५० सालीं मुंबईस कोरडी गोदी तयार झाली, म्हणजे भरतींत जहाज आंत घेऊन दरवाजे लावावयाचे व पाणी काढून तळ दुरुस्त करावयाचा. लवजीनंतर मुलगे, मग नातू, मग पणतू अशी मुख्य कारागिराची जागा त्या एकाच घराण्यांत सुमारें दीडशें वर्षें चालली. या घराण्यानें ब्रिटिश आरमारासाठींही जहाजें बांधलीं. १८४२ चा नानकिंगचा तह ज्या कॉर्नवॉलिस जहाजावर झाला तें मुंबईचें. १८१७ मध्यें पाण्यांत सोडलेलें त्रिंकोमली हें जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें अजून जपून ठेवलेलें आहे. दोनशें वर्षें त्याचा साग टिकला आहे. पुढें वाफेचीं जहाजें आलीं तेव्हां याच घराण्यांतील तरुण विलायतेस जाऊन ती नवी विद्या शिकले, आणि त्यांतले अर्देशिर कर्सेटजी हे १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले. तो मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ.

कंपनी उदार होती असें कोणी समजूं नये. तिचा हात किती आखडता होता हें केग्विनच्या प्रकरणांत आपण पाहिलेंच. पण येथें तिनें तीन गोष्टी दिल्या: बारमाही काम, राहण्यास ठिकाण, आणि मुलानें बापाच्या शेजारीं शिकून त्याच्या जागीं यावें अशी वहिवाट. व्हियेगसचें घर खाडीच्या पलीकडे होतें. लवजीचें घर गोदीच्या जवळ आलें. हा फरक पगाराच्या आंकड्यांत दिसत नाहीं.

आणि त्याच सुमारास आपण काय केलें? मुंबईची गोदी तयार झाल्याला सहाच वर्षें झालीं होतीं. तुळाजी आंग्रे पेशव्यांस जुमानीत नव्हते, ही गोष्ट खरी. त्यांना वठणीवर आणण्यासाठीं नानासाहेब पेशव्यांनीं इंग्रजांशीं हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्यें वॉटसन व क्लाइव्ह यांच्या तोफांनीं विजयदुर्गाच्या खाडींत आंग्र्यांचें आरमार जळून गेलें. जहाजें जळालीं याचें दुःख इतिहासकार करतात. जहाजें पुन्हा बांधतां येतात. पण ज्या बंदरांत तीं बांधण्याचा, तोफा चढविण्याचा, शिडें शिवण्याचा संसार दोन-तीन पिढ्या चालत होता तो संसार मोडला. पुढें पेशव्यांनीं धुळपांकडे विजयदुर्गचें आरमार दिलें, आणि आनंदराव धुळपांनीं १७८३ च्या एप्रिलांत कंपनीचें रेंजर नांवाचें जहाज शौर्यानें पकडलेंही. तरी आंग्र्यांच्या काळचा तो जोर पुन्हा आला नाहीं.

श्रोतेहो, आतां एक मोठी उडी घेतों आणि मुंबईच्याच बंदरांत, १९४६ सालांत येतों. दुसरें महायुद्ध सुरू झालें तेव्हां रॉयल इंडियन नेव्ही हें नांवाला आरमार होतें; माणसें सुमारें २,०००. सहा वर्षांत तीं २५,००० च्या वर गेलीं. या खेपेस सुतार-तांडेल यांच्याऐवजीं तारायंत्राचे, बिनतारी संदेशांचे, इंजिनांचे जाणकार हवे होते, म्हणून इंग्रजी जाणणारे शिकलेले तरुण घेतले. त्यांना शिक्षणाचीं, बढतीचीं, युद्धानंतरच्या नोकरीचीं स्वप्नें दाखविलीं गेलीं. प्रत्यक्षांत निकृष्ट अन्न, गोऱ्यांहून कमी पगार, आणि अधिकाऱ्यांच्या तोंडच्या शिव्या वांट्यास आल्या. १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशशाळेंतील खलाशांनीं जेवण नाकारलें. आरमाराचे कान व जीभ ज्यांच्या हातीं होती तेच हे लोक! त्यामुळें बातमी बंदरोबंदरीं पोहोंचण्यास वेळ लागला नाहीं. कराचीपर्यंत जहाजें सामील झालीं. २३ फेब्रुवारीस, वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यानंतर, खलाशांनीं शस्त्रें खालीं ठेवलीं. या उठावामागें स्वातंत्र्याची ऊर्मि होती यांत शंका नाहीं, आणि तिचा मान राखूनच मी म्हणतों कीं त्यांच्या मागण्यांत जेवणाची मागणीही होती, व तीही तितकीच मानाची होती. वर्षभर शिकवून ज्याच्या बोटांत विद्या घातली त्याला शिवी देऊन वागविणें हा कोणत्याही सरकारास न परवडणारा खर्च आहे.

त्याच्या आदल्याच वर्षीं, १५ फेब्रुवारी १९४५ रोजीं, लोणावळ्यास आरमारी यंत्रज्ञांची शाळा निघाली आणि तिला ‘शिवाजी’ हें नांव दिलें गेलें. समुद्रापासून दूर घाटमाथ्यावर असलेली ही संस्था स्वतंत्र भारताच्या आरमारासाठीं यंत्रज्ञ घडवीत आली आहे. तेथें शिकून बाहेर पडलेल्या यंत्रज्ञ खलाशांस पूर्वीं वीस वर्षांचा करार असे, इतरांस पंधरा. हा पांच वर्षांचा फरक उगाच नव्हता. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारा कान पहिल्या चार-पांच वर्षांत तयार होत नाहीं. तो तयार झाल्यावर त्याचा उपयोग व्हावा व त्यानें पुढच्यांस शिकवावें यासाठीं उरलेलीं वर्षें.

१४ जून २०२२ रोजीं जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनें चार वर्षांची भरती आणली, आणि चार वर्षांअखेर २५ टक्क्यांपर्यंत लोकांस कायम करण्याचें ठरविलें. सैन्य तरुण राहावें, निवृत्तिवेतनाचा भार आवरावा, हे तिचे हेतु समजण्यासारखे आहेत, आणि पायदळाच्या शिपायाविषयीं मी कांहीं बोलण्याचा अधिकारी नाहीं. पण जहाजाच्या पोटांत इंजिनाशेजारीं उभ्या राहणाऱ्या मुलाविषयीं माझ्या मनांत शंका आहे. चार वर्षें म्हणजे कामाची नुसती ओळख होण्याचा काळ. शिवाय मर्चंट नेव्ही आहे, आखातांतल्या कंपन्या आहेत, खासगी गोद्या आहेत. जो मुलगा खरोखर हुशार निघेल त्याला पहिला निरोप त्यांच्याकडूनच येईल. आरमाराच्या अग्निवीरांची पहिली तुकडी ओरिसांतील चिल्का येथून मार्च २०२३ मध्यें शिकून बाहेर पडली. त्या तुकडींतल्या शंभरांपैकीं कोणते पंचवीस ठेवावयाचे हें सरकार ठरवील. पण त्या पंचविसांनीं राहावयाचें कीं नाहीं, हें त्यांच्या घरीं, आई-बापांसमोर बसून, तीं मुलें ठरवतील; आणि तेथें जहाजावरचें जेवण कसें होतें, रजा वेळेवर मिळत होती कीं नाहीं, वरचा अधिकारी नांवानें हांक मारीत होता कीं नाहीं, अशाच गोष्टी निघतील.